सापडेपर्यंतची गुणगुण

४ मार्च

चि. खारूस अनेक आशीर्वाद.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मोबाइलवर माझी बोटं चालत नाहीत, तेव्हा आपल्या बहीणभावाच्या नशिबी पोस्टमनच. बरंच आहे म्हणा. पत्रात तू माझं वाक्य मध्येच तोडत नाहीस.

सरळ विचारते. घराला नवा इन्व्हर्टर घ्यावा का, आणि घ्यायचा तर कोणता? लाइट हल्ली रोज दुपारी जाते, ती दिवेलागणीला उगवते. शेजारच्या मास्तरीणबाईंनी नवा घेतलाय. स्वतःच्या नातवाचं करत नाहीत एवढं त्याचं कौतुक चालू असतं. म्हणे लाइट गेली तरी घरात कळतसुद्धा नाही. मला ते काही पटलं नाही. लाइट गेल्याचं माणसाला कळूच नये, हे काय?

आपला जुना, तू आणि ह्यांनी मिळून बनवलेला, अजून पुढच्या खोलीत ह्यांच्या टेबलाखालीच आहे. हे गेले त्याला वर्ष होऊन गेलं, पण टेबल मी आवरलेलं नाही. डोळ्याला लावायचं भिंग, चिमटे, गिऱ्हाइकांनी परत नेली नाहीत ती दोन घड्याळं, सगळं होतं तसंच आहे. बॅटरीने मात्र राम म्हटलाय. तासाभरात पंखा मंदावतो.

आणखी एक. नवा घेतला तर तोही असाच गुणगुणतो का रे? उगाच आपलं विचारलं.

तुझी ताई

१३ मार्च

ती. ताई, पाया पडतो. मनातल्या मनात, कारण गुडघे वाकत नाहीत.

तुझं पत्र दुकानाच्या जिन्यात वाचलं. बॅटऱ्या वरच्या माळ्यावर ठेवतो ना, चढताना मधल्या पायरीवर जरा टेकायची सवय लागलीय हल्ली. छान वारा येतो तिथे. पत्र वाचायला तर उत्तमच जागा.

आता तुझा प्रश्न. लोक दुकानात येतात आणि पहिलं विचारतात, 'चांगला इन्व्हर्टर कोणता?' हे म्हणजे चपला कोणत्या चांगल्या म्हणून विचारण्यासारखं आहे. पाय कोणाचा ते आधी सांगा! तेव्हा तू मला फक्त यादी दे, लाइट गेल्यावर काय काय चालू राहायला हवं त्याची. पंखे किती, दिवे किती, बाकी काय. त्यावरून मशीन केवढं ते ठरतं आणि किती वेळ चालायला हवं त्यावरून बॅटरी. तुझ्यासाठी मी उंच नळ्यांची ट्युब्युलर बॅटरी म्हणेन. लिथियम हलकी असते, तिला पाणी घालावं लागत नाही, पण तुला कुठे ती कडेवर घेऊन फिरायचंय?

गुणगुणीचं म्हणशील तर, आपला जुना आहे स्क्वेअर वेव्हचा. तो करंट झटक्याझटक्याने देतो. पंख्याला ते सोसत नाही, मग पंखा घुमतो, आणि मशीनच्या पोटातल्या लोखंडी पट्ट्याही थरथरतात. नवे येतात साइन वेव्हचे. ते वीज कंपनीसारखाच सुरळीत करंट देतात, आवाज शून्य. मास्तरीणबाई खरं बोलतात. डोळे झाकून साइन वेव्ह घे.

मला काय, दोन्ही सारखेच. जनरेटरच्या कारखान्यात कान ठेवून आलो त्याला जमाना झाला.

यादी पाठव.

तुझा खारू

२४ मार्च

चि. खारूस,

ही घे यादी. पंखे तीन, दिवे चार, पुढच्या खोलीतला टेबलावरचा दिवा (तो लागत नाही, पण असू दे) आणि फ्रिज.

आता माझं ऐक. मला तो साइन वेव्ह नको. स्क्वेअर वेव्ह अजून मिळतो का? मिळत असेल तर तोच पाठव. मिळत नसेल तर जुन्यालाच नवी बॅटरी लावून दे. मशीन ठणठणीत आहे, दुखणं बॅटरीचं आहे. तूच म्हणायचास ना, तुझ्या हातचं काम कधी मरत नाही? मग आता का फिरलास?

बाकी ठीक. ऊन मी म्हणतंय. मांजर फार आळशी झालंय. दिवसभर पुढच्या खोलीत बटणांच्या बोर्डाखालच्या भिंतीला अंग लावून पडलेलं असतं, हाकललं तरी जाऊन जाऊन तिथेच. पूर्वी ह्यांच्या पायाशी बसायचं. आठवण येत असेल. मुक्या जिवालाही कळतंच की.

तुझी ताई

३ एप्रिल

ती. ताई,

तू म्हणजे धन्य आहेस. अख्खं गाव गोंगाटाला कंटाळून माझ्याकडे येतं आणि माझी सख्खी बहीण दुकानदाराकडे गोंगाट मागते!

हे बघ, हट्ट करू नकोस. जुन्या मशीनवर माझाही जीव आहे. मी हाताने बनवलेलं ते पहिलं मशीन. ट्रान्सफॉर्मरची तार मी गुंडाळत होतो आणि भाऊजी शेजारी बसून वेढे मोजत होते. आठवतं? तोंडाने आकडे म्हटले की चुकतात म्हणायचे. नुसतं गुणगुणायचे आणि शंभर झाले की सूर बदलायचे. तेव्हा माझे कान शाबूत होते. एक वेढा इकडचा तिकडे झाला नव्हता. पण ताई, मशीनलाही वय असतं.

आणि फ्रिज? इन्व्हर्टरच्या लाइनवर फ्रिज कोणी जोडला? ती वायर मी पंख्या-दिव्यांच्या हिशेबाने ओढली होती, बारीक. फ्रिज सुरू होताना एकदम केवढा करंट खेचतो तुला माहीत नाही. तो कोणी जोडला, कधी, आणि जोड कुठे आहे, हे मला नीट कळव.

साइन वेव्हचं मशीन आणि बॅटरी ट्रान्सपोर्टने पाठवली आहे. तिथल्या फिटरला बोलावून लावून घे. पुढच्या पत्रात मला 'लावलं' एवढा एकच शब्द वाचायचाय.

खारू

१८ एप्रिल

चि. खारूस,

मशीन पोचलं. लावलं नाही. खोकं कोपऱ्यात ठेवून वर चादर टाकलीय. शिवणाचं सामान ठेवायला बरं पडतं.

आता तुला सांगायलाच हवं, नाहीतर तू आणखी एक पाठवशील. हसलास तर बघ.

ती गुणगुण पंख्याची नाही. ह्यांची आहे.

तू ह्यांना काम करताना पाहिलंयस. बंद पडलेलं घड्याळ उघडलं की ह्यांचं सुरू व्हायचं. गाणं नाही, सूर नाही, नुसतं हूं... हूं हूं... आणि शेवटी थोडं वर चढवून, विचारल्यासारखं. दोष सापडत नाही तोवर ते चालायचं. जवळ आले की तुकडे आखूड व्हायचे. आणि सापडला की एकदम गप्प. मग भिंग काढून टेबलावर ठेवायचे आणि माझ्याकडे वळून म्हणायचे, 'चहा?' एवढी वर्षं संसार केला मी त्या आवाजाशी. मला ओळखू येणार नाही का?

लाइट गेली आणि तुझं ते मशीन चालू झालं की टेबलाखालून ते सुरू होतं. पहिल्या वेळी माझ्या हातून पातेलं पडलं. आता भीती वाटत नाही. मी स्टूल घेऊन शेजारी बसते, भाजी निवडते. कधी कधी लाइट गेलेली नसते तरी मी मेन स्विच खाली करते. हो, करते. कोणाच्या घरी सांगायला जाणार आहेस?

काहीतरी शोधताहेत, खारू. या घरात. गेल्या महिन्यात तुकडे लांब लांब होते, आता आखूड झालेत. परवा मी विचारलं, काय शोधताय? तर तेवढ्यापुरते थांबले आणि पुन्हा सुरू.

फ्रिज ह्यांनीच जोडला. जायच्या आधीच्या उन्हाळ्यात. माझ्या डोळ्यांची औषधं गार राहायला हवीत म्हणून. जोड कुठे ते मला काय ठाऊक!

पुढच्या खोलीत ह्यांच्या घड्याळाच्या तेलाचा वासही येतो हल्ली, जरा तापलेल्या तेलासारखा. मांजर तिथून हलत नाही. आम्ही दोघं मजेत आहोत. तुझा साइन वेव्ह तू परत ने.

तुझी ताई

२३ एप्रिल

ताई,

हे पत्र हातात पडेल त्या क्षणी फ्रिजची पिन काढ. त्या खोलीतली बटणं सगळी बंद कर. त्या भिंतीच्या मागच्या बाजूला तुझा पलंग आहे, तो ओढून दुसरीकडे घे. मास्तरीणबाईंना मदतीला बोलाव, लाज धरू नकोस.

उन्हाळ्यात मांजर गार फरशी शोधतं. भिंतीला अंग लावून बसतं ते थंडीत. आणि तू लिहितेस ऊन मी म्हणतंय! मांजर म्हातारं आहे, त्याला शेक हवाय. तुझ्या भिंतीत शेक कुठून आला? तुझं मार्चचं पत्र मी दहा वेळा वाचलंय आणि हे माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. घड्याळाच्या तेलाचा वास वर्षभराने येत नाही, ताई. तो वायरच्या वेष्टणाचा वास आहे.

मी निघतोय. पत्राच्या आधी मीच पोचेन बहुतेक, तरी टाकतो.

खारू

४ मे

चि. खारूस,

आलास, भिंत फोडलीस, गेलास. जाताना मी धड बोलले नाही, म्हणून लिहायला बसलेय.

राग आहेच. पण काय झालं ते तुला ऐकू आलेलं नाही, तेव्हा आधी ते सांगते.

तू दारात आलास तेव्हा लाइट गेलेली होती. खरं सांगायचं तर मीच घालवलेली होती. तू पिशवीही न ठेवता टेबलाखाली वाकलास आणि मशीनवर तळवा ठेवलास. तुझा चेहरा मी पाहिला, खारू. तू मला म्हणालास, 'तापलंय नुसतं', पण तुला समजलं होतं. मग तू दुसरा हात भिंतीवरून फिरवायला लागलास. तेव्हा गुणगुणीचे तुकडे एकदम आखूड झाले. हूं. हूं. हूं. तुझा हात वर गेला की लांबायचे, खाली आला की आखडायचे. मांजर उठून बाजूला झालं. मांजराच्या जागेवर तुझा हात आला आणि आवाज थांबला.

पंखा फिरत होता. तुझी अजून छिन्नीही बाहेर निघाली नव्हती. तू काहीएक तोडलं नव्हतंस. आणि खोली गप्प.

मग तू मेन स्विच, मशीन, सगळं बंद करून भिंत फोडलीस. तो जोड मला दाखवलास. काय नाजूक काम होतं ते! रेशमी दोऱ्याने बांधलेलं, घड्याळाची स्प्रिंग बांधावी तसं. त्याच्या भोवतीची लाकडी पट्टी मात्र कोळसा झालेली. तू म्हणालास, अजून थोडे दिवस गेले असते तर पलंगासकट मी गेले असते. ह्यांनी माझ्या औषधांसाठी केलेला जोड. स्वतःचीच चूक शोधत होते बिचारे, वर्षभर.

आता राग कशाचा ते. तुला वाटतं मला माहीत नव्हतं. भिंत गरम होती, हात मीही लावला होता. वास तेलाचा नव्हता, तेवढं कळतं मला. पण सापडलं की हे गप्प होतात, हेही मलाच माहीत होतं ना? म्हणून मी तुला मांजराच्या गोष्टी सांगत बसले. आणि तू त्या मांजरावरूनच यावंस!

नवं मशीन तू लावून गेलास. काल लाइट गेली. खरंच कळत नाही.

जुनं का नेलंस? भंगारात घालणार नाहीस एवढं वचन दे.

ताई

१५ मे

ती. ताई,

भंगारात कसं घालीन? दुकानात माझ्या टेबलाखालीच ठेवलंय. छोटी बॅटरी आणि एक पंखा जोडून दिलाय.

तिथे राहिलं ते आता लिहितो. धंद्याचं उत्तर माझ्याकडे आहे. जोड ढिला होता, करंट कमीजास्त होत होता, म्हणून मशीनची थरथर चढत-उतरत होती. गिऱ्हाइकाला मी हेच सांगितलं असतं आणि ते समाधानाने गेलं असतं. पण ताई, मी कान घालवलेत, हात नाही. तळव्याखाली मला जे लागलं ते मी शेजारी बसून ऐकलेलं आहे, तार गुंडाळताना. शंभर झाले की बदलायचे ना, तसंच. आणि माझा हात नुसता भिंतीला लागल्यावर मशीनची ती थरथर का थांबावी, याला धंद्याचं उत्तर नाही.

तुला बरं वाटावं म्हणून नेलं, हे खोटं. मला ते परत तळव्याखाली हवं होतं. एवढ्या वर्षांत मी ऐकलेली ती एकच गोष्ट.

पहिले काही दिवस काहीच नाही. साधी थरथर, एकसारखी. वाईट वाटलं, पण म्हटलं चला, भाऊजींचं काम झालं. आणि गेल्या आठवड्यात सुरू झालं की! सकाळी दुकान उघडलं, हात ठेवला, तर हूं... हूं हूं... लांब लांब. मी अगदी पोरासारखा हसलो. मग उठून पाना काढला.

कारण काहीतरी शोधताहेत म्हणजे काहीतरी आहे. मी दुकानातली सगळी लाइन उघडली. एकेक जोड हाताने ओढून पाहिला. अर्थिंग पाहिलं. सगळं चोख आहे. तरी थांबत नाहीत. तुकडे आखूड होत चाललेत, आणि गंमत म्हणजे मी हात ठेवला की जास्तच आखूड होतात. हिला वाटतं मला वेड लागलंय. तिला ती गुणगुण ऐकू येते, डोकं उठतं म्हणते.

फार वेळ ठेवला की डाव्या हाताला मुंग्या येतात, म्हणून उजवा ठेवतो. आता फक्त माळ्यावरची लाइन बघायची राहिलीय. जिन्यात हल्ली दोनदा टेकावं लागतं, म्हणून ते उद्यावर ढकलतोय. दोष तिथेच असणार.

खारू

२० मे

खारू,

माळ्यावर चढू नकोस. वायरी बघणं सोड.

तू मला मांजरावरून पकडलंस, मी तुला जिन्यावरून पकडते. मार्चमध्ये तू एकदा टेकायचास, 'छान वारा येतो' म्हणे. आता दोनदा. इथे भिंत फोडताना छिन्नी खाली ठेवून छाती चोळत उभा राहिलास. मी विचारलं तर म्हणालास धूळ गेली. आणि डाव्या हाताला मुंग्या! मशीनवर हात ठेवला की येतात होय? मग उजव्याला का येत नाहीत?

दुकानात दोष नाही. तू हात ठेवलास की तुकडे आखूड होतात, असं तूच लिहितोस आणि तुलाच कळत नाही. इथे भिंतीवरून हात फिरत होता तेव्हाही असेच आखडत होते. भिंतीत दोष होता म्हणून. आता हात कोणाच्या अंगाचा आहे?

मी लपवलं, कारण मला ते थांबायला नको होते. तुलाही नकोयत. म्हणूनच दोष माळ्यावर असणार, उद्या बघू, परवा बघू. असले खेळ मी खेळून बसलेय, मला शिकवू नकोस. थांबू देत. ऐकतोस ना? ह्यांना थांबू दे. मला एकच भाऊ आहे.

आजच्या आज डॉक्टरकडे जा. हे पत्र बायकोला दाखवणार नाहीस हे माहीत आहे, म्हणून तिला वेगळं टाकलंय.

ताई

९ जून

ती. ताई,

दवाखान्यातून लिहितोय. अक्षर वाकडं आहे, कारण पाठीमागे उशी आहे आणि समोर तुझी भावजय.

तू तिला काय लिहिलंस देव जाणे. पत्र वाचून ती दुकानात आली, माझ्या हातातला पाना काढून घेतला आणि रिक्षा थांबवली. डॉक्टरांनी पडद्यावर माझं हृदय दाखवलं. त्यांनी बोट ठेवलं एका नळीवर. जवळजवळ बंद होती. म्हणाले, आणखी थोडे दिवस जिना चढला असतात तर जिन्यातच राहिला असतात. आता तिथे त्यांनी एक बारीक जाळी बसवलीय. घड्याळाच्या कामाएवढंच नाजूक असतं ते.

आता ऐक. ज्या सकाळी त्यांनी बोट ठेवलं, त्याच सकाळी ही माझे कपडे न्यायला घरी गेली होती. वाटेत दुकानात डोकावली. मशीन घाईत चालूच राहिलं होतं. परत येऊन मला खुणेने सांगते, 'तुमचं ते मशीन बिघडलं. पंखा फिरतोय, पण आवाज नाही.'

मी तोंड भिंतीकडे केलं. तिला वाटलं छातीत दुखतंय. मी रडत होतो, ताई.

मशीन तुझ्या घरचं आहे. परत पाठवू का?

खारू

१६ जून

चि. खारूस अनेक आशीर्वाद.

पथ्य सांभाळ. बायको सांगेल ते ऐक. ऐकू येत नाही हे कारण घरात चालत नाही.

मशीन पाठवू नकोस. तुझ्याच टेबलाखाली असू दे. गप्प असलं तरी अधूनमधून हात ठेवत जा.

तुझं पत्र वाचल्यापासून एकच गोष्ट डोक्यात फिरतेय. मी वर्षभर त्या गुणगुणीला धरून बसले. पण गुणगुणत असायचे तेव्हा हे माझे कुठे असायचे? डोळ्याला भिंग, मान खाली, घरात आग लागली असती तरी कळलं नसतं. गप्प झाल्यावरच ते माझ्याकडे वळायचे. अख्ख्या दिवसात माझ्या वाट्याला यायचं ते तेवढंच. आणि मी वेडी, त्या गप्प होण्यालाच भीत होते!

काल दुपारी लाइट गेली. मी मेनला हात लावला नव्हता, आपली आपण गेली. तुझा साइन वेव्ह चालू झाला. पंखा फिरत होता आणि कुठे हूं की चूं नाही. टेबलावरचा दिवा, जो लागत नाही म्हणून मी तुला लिहिलं होतं, तो लागलेला होता. तू दुरुस्त करून गेला असशील. गेला होतास ना? भिंग मी कधी हलवलेलं नाही. ते घड्याळांपाशी असतं. काल ते टेबलाच्या कडेला होतं, काढून ठेवल्यासारखं.

आत गेले, चहा टाकला, दोन कप आणून टेबलावर ठेवले आणि समोर बसले. मांजर आलं आणि खुर्चीखाली, ह्यांच्या पायांच्या जागी जाऊन गार फरशीवर पसरलं. लाइट येईपर्यंत आम्ही तसेच बसलो होतो.

दुसऱ्या कपातला चहा गार झाला. त्यांना गारच लागायचा.

तुझी ताई